सासूबाई, मी आणि ड्रॅगन

"फावल्या वेळात काय करता?" असं कुणी विचारलं, की आपल्या बायकांची उत्तरं साधारण ठरलेली असतात. विणकाम, वाचन, भजनी मंडळ, नाहीतर टीव्हीवरच्या मालिका. मी मात्र खरं ते सांगून टाकते, "ड्रॅगन मारते!" समोरची आधी हसते, मग माझ्या तोंडाकडे बघते आणि मग हळूच विचारते, "म्हणजे नक्की काय करता हो?"

तर मैत्रिणींनो, आज तेच सांगायचंय. मी बावन्न वर्षांची आहे. तालुक्याच्या गावी राहते, घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. आणि २०२२च्या पावसाळ्यापासून 'स्कायरिम' नावाचा कॉम्प्युटरवरचा गेम खेळते. पत्त्यांचा किंवा फुगे फोडायचा साधा खेळ नाही हं! त्यात बर्फाचे डोंगर आहेत, राजवाडे आहेत, जडीबुटी आहे, भुतंखेतं आहेत आणि आकाशातून आग ओकणारे ड्रॅगन आहेत.

हे वेड लागलं ते सासूबाईंच्या आजारपणात. त्या वर्षी जुलैमध्ये त्या मोरीत घसरल्या. चौऱ्याऐंशीचं वय, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा पायावर उभ्या राहिल्या नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही पाळ्या लावल्या. रात्री दहा ते दोन माझी पाळी, दोननंतर ह्यांची.

खरं सांगायचं तर आम्हा सासू-सुनेचं कधीच फार गूळपीठ नव्हतं. लग्नानंतर पाच वर्षं त्यांनी मला शिलाई मशीन घेऊ दिलं नाही. "घरातल्या बाईनं लोकांचे कपडे शिवायचे नसतात," हा त्यांचा कायदा. मग एक दिवस त्यांनीच डब्यातले पैसे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "जा, घेऊन ये तुझं मशीन." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आम्ही एका घरात राहिलो, पण बोललो ते कामापुरतंच.

आता रात्रीचे चार तास आम्ही दोघीच एका खोलीत. त्यांना दुखण्यानं झोप नाही, मला पाळीमुळे नाही. मशीन चालवावं तर आवाज होतो. मुलाला पुण्यात नोकरी लागली होती, त्याने लॅपटॉप घेतल्यावर जुना कॉम्प्युटर घरीच राहिला होता. तो ठेवायला जागा एकच, सासूबाईंच्या पलंगाशेजारचं टेबल. एका रात्री फोनवर मुलगाच म्हणाला, "आई, त्यात स्कायरिम आहे. बघ ना खेळून. आजीलाही दिसेल."

बांधलेले हात आणि माहेरचं नाव

हा गेम अमेरिकेतल्या बेथेस्डा या कंपनीने ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला. टॉड हॉवर्ड हे त्याचे दिग्दर्शक. जगभरात त्याच्या ६ कोटींहून जास्त प्रती खपल्याचं त्यांनीच २०२३मध्ये सांगितलं. अशा खेळात आपण कथेतलं एक पात्र होतो. ते पात्र काय करणार, कुणाशी कसं वागणार, कुठे जाणार, हे आपण ठरवायचं. म्हणून त्याला रोल-प्लेइंग म्हणतात. आपल्या भातुकलीत नाही का आपण कधी आई व्हायचो, कधी मास्तरीण!

गेम सुरू होतो तेव्हा आपले हात बांधलेले असतात. घोडागाडीतून आपल्याला इतर कैद्यांबरोबर नेत असतात, थेट मुंडकं उडवायला! गावात उतरवल्यावर एक शिपाई यादी बघतो. यादीत आपलं नाव नसतं. तो विचारतो, तू कोण? आणि इथे गेम थांबतो. दहा जमातींमधली एक निवडायची, बाई की पुरुष ते ठरवायचं, नाक-डोळे-केस हवे तसे करायचे. शेवटी नाव.

लग्नात माझं नाव बदललं होतं. त्या चौकटीत मी माहेरचं नाव लिहिलं, सुमन.

"काय लिहिलंस?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं. मी सांगितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझं चंद्रभागा होतं." सत्तावीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं!

तर पुढे काय होतं, मान ओंडक्यावर ठेवली जाते, कुऱ्हाड उचलली जाते, आणि तेवढ्यात एक काळाकभिन्न ड्रॅगन येऊन बुरुजावर बसतो. आल्डुइन त्याचं नाव. सगळं गाव पेटतं, पळापळ होते आणि त्या गोंधळात आपण निसटतो. सासूबाई उशीवरून मान उंच करून बघत होत्या. म्हणाल्या, "अगं बाई, घोरपडीला पंख फुटले!"

पहिला आठवडा मी नुसती भिंतींवर आदळत होते. डब्ल्यू दाबलं की पुढे, एस दाबलं की मागे, माउस फिरवला की मान वळते. डाव्या हाताने एक आणि उजव्या हाताने दुसरं करायचं, म्हणजे पायाने मशीन चालवता चालवता हाताने कापड सरकवण्यासारखंच. ते जमतं, मग हे का नाही जमणार? गेम किती अवघड हवा तेही आपल्याला ठरवता येतं. मी सगळ्यात सोपा प्रकार लावला आणि निवांत खेळायला लागले.

पहिला ड्रॅगन व्हाइटरन शहराबाहेरच्या बुरुजापाशी भेटतो. शिपाई बरोबर असतात. मी दोनदा मेले. मेलो तरी आधी जपून ठेवलेल्या जागेपासून पुन्हा सुरू करता येतं, ही या जगातली मोठीच सोय! तिसऱ्यांदा तो पडला. त्याचं मांस जळून गेलं, नुसता सांगाडा उरला आणि त्याचा आत्मा प्रकाशाच्या लोटासारखा येऊन माझ्यात शिरला. आजूबाजूचे शिपाई थक्क होऊन बघत राहिले. कारण अशी शक्ती फक्त 'ड्रॅगनबॉर्न'कडे असते, म्हणजे माणसाच्या देहात ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेल्याकडे. रात्रीचा एक वाजला होता. सासूबाईंची कूस बदलायची वेळ झाली होती. मी त्यांना वळवलं, पाठीला पावडर लावली. त्या म्हणाल्या, "आता भिंतीकडं नको करू तोंड. दिसत नाही मग."

लसूण घे, लसूण!

या गेममध्ये नुसती मारामारी असती, तर मी चार दिवसांत कंटाळले असते. पण यात संसार आहे हो! झाडपाला गोळा करायचा, कुटायचा, औषधं करायची. प्रत्येक वनस्पतीला चार गुण दिलेत. ज्या दोन वस्तूंचा एखादा गुण सारखा, त्या एकत्र केल्या की औषध होतं. गहू आणि डोंगरातलं एक निळं फूल कुटलं की जखम भरून काढणारं औषध तयार. कुठेही लसणाची माळ टांगलेली दिसली की पलंगावरून हुकूम यायचा, "लसूण घे, लसूण!" आणि गंमत म्हणजे त्या गेममध्येही लसूण विषावर उतारा आहे. चुलीवर कोबी आणि मीठ घालून सूप करता येतं. त्यावर सासूबाईंचं मत, "फोडणी नाही, काय चव लागणार?"

वजनाचा हिशेब मात्र फार कडक. सुरुवातीला ३००पर्यंतच ओझं पेलतं. ड्रॅगनचं एक हाड १५चं, एक खवला १०चा. मोह आवरला नाही आणि मर्यादेपलीकडे उचललं, की बाईला पळताच येत नाही, पाय ओढत चालावं लागतं. मग लिडिया नावाची सोबतीण कामाला येते. तुमचं ओझं वाहायची मी शपथ घेतलीय, असं ती ज्या सुरात म्हणते ना, तो सूर कुठल्याही घरातल्या सुनेला लगेच ओळखू येईल!

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. इथे जे काम कराल, त्याच कामात तुम्ही तरबेज होता. तलवार चालवाल तर तलवारीत, औषधं कुटाल तर औषधांत. अशी अठरा कौशल्यं आहेत. कुणाच्या शिफारशीने नाही, केल्याने येतं.

आणि ड्रॅगनचं खरं शस्त्र काय, माहितेय? शब्द! त्यांची वेगळी भाषा आहे, तिची अक्षरं नखांनी दगडावर ओरखडे काढल्यासारखी दिसतात. ड्रॅगन आग ओकतो म्हणजे खरं तर तो त्या भाषेत आगीचे शब्द उच्चारतो. दोन ड्रॅगन लढतात तेव्हा त्यांचा वाद चाललेला असतो. जुन्या भिंतींवर कोरलेले हे शब्द शोधून आपणही शिकायचे. तीन शब्द पूर्ण झाले की आपल्या नुसत्या आवाजाने समोरचा उडून पडतो. आयुष्यभर "हळू बोल" ऐकलेल्या बाईला हे शस्त्र किती आवडलं असेल, तुम्हीच बघा.

संपणारं काम

आमच्या जाऊबाई एकदा म्हणाल्या, "घरात आजारी माणूस आणि तुला खेळ कसा सुचतो?" प्रश्न तसा रास्त आहे. मी विचार केला त्यावर.

आजाऱ्याच्या सेवेत कामाला शेवट नसतो. कूस बदलली, दोन तासांनी पुन्हा बदलायची. चादर धुतली, सकाळी पुन्हा ओली. औषध दिलं, रात्री परत द्यायचं. आणि एवढं करून माणूस बरं होईलच असं नाही, हे मनात कुठेतरी माहीत असतं. ते बोलता येत नाही. सगळं नीट करूनही रोज हरल्यासारखं वाटतं. गेममध्ये काम हाती घेतलं, केलं की ते संपतं. यादीतून जातं. हरवलेली वस्तू मालकाला मिळते, तो धन्यवाद देतो. रात्री दोनला ह्यांना उठवून मी झोपायला जायचे, तेव्हा दिवसभरातलं एकतरी काम पूर्ण झाल्याचं समाधान असायचं. त्याच्या जोरावर दुसऱ्या दिवशीची चादर हसतमुखाने धुता यायची. हे मी जाऊबाईंना सांगितलं. त्यांना पटलं की नाही माहीत नाही. पण पुढच्या वेळी आल्या तेव्हा खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "दाखव तरी."

आणि बायकांचं खेळणं काही नवं आहे का? मंगळागौरीला आपल्या आज्या-पणज्या रात्र रात्र जागून झिम्मा-फुगडी खेळत होत्याच की! फक्त तेव्हा खेळायला सणाचं निमित्त लागायचं.

त्याही खेळल्या

कॉम्प्युटरवरच्या या साहसी खेळांचा इतिहास वाचला तेव्हा मला आणखी धीर आला. १९७६च्या सुमारास अमेरिकेतल्या विल क्राउदर या प्रोग्रॅमरने गुहेतल्या सफरीचा एक गेम लिहिला. त्यात चित्रं नव्हती, नुसती वाक्यं. नवरा-बायको वेगळे झाले होते आणि आपल्या दोन मुलींना काहीतरी मजेचं द्यावं, म्हणून या बापाने तो लिहिला. पुढे १९७७मध्ये डॉन वूड्स यांनी त्यात भर घातली. त्या गुहेत एक ड्रॅगनही बसलेला होता.

हा गेम रॉबर्टा विल्यम्स या दोन लहान मुलांच्या आईने खेळला आणि तिला वेडच लागलं. तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून स्वतःचा गेम रचला, नवरा केन याने तो प्रोग्रॅममध्ये उतरवला. १९८०चा 'मिस्टरी हाउस' तो हाच, चित्रं असलेल्या साहसी खेळांमधला अगदी पहिला. १९८४मध्ये तिने 'किंग्ज क्वेस्ट' केला. त्यात जादूच्या आरशावर पहारा देणारा ड्रॅगन आहे. त्याला खंजीर फेकून मारता येतं. पण बादलीभर पाणी त्याच्या तोंडावर ओतलं, तरी त्याची आग विझते आणि तो निमूट निघून जातो! हे बाईलाच सुचणार, असं मला वाटून गेलं. चाळीस वर्षांनी त्याच जुन्या गुहेच्या गेमला रॉबर्टाने नवं रूप दिलं, ते २०२३मध्ये आलं.

आणि अमेरिकेतल्या शर्ली करी आजी! जन्म १९३६चा. मुलाने त्यांना कॉम्प्युटरवर खेळायला शिकवलं. २०१५पासून, म्हणजे वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षापासून, त्या स्कायरिम खेळतानाचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकू लागल्या. बघणाऱ्यांना त्या 'नातवंडं' म्हणत. त्यांच्या चाहत्यांनी मागणी लावून धरली आणि पुढच्या भागात या आजींचं एक पात्र असेल, असं कंपनीने २०१९मध्ये जाहीर केलं. सासूबाईंना मी शर्ली आजींचा व्हिडिओ दाखवला. बघून म्हणाल्या, "माझ्याएवढीच दिसते की ही. हिची सून काय करते?"

तुम्हाला खेळायचं असेल तर...

चार गोष्टी अनुभवाच्या सांगते. हा गेम एकटीने खेळायचा आहे. कुणी अनोळखी माणूस मध्येच बोलायला येत नाही आणि पुढे जाण्यासाठी वेगळे पैसे भरावे लागत नाहीत. गेम जुना असल्याने फार भारी कॉम्प्युटर लागत नाही, आणि सवलत असताना घेतला तर बराच स्वस्त पडतो. मराठीत नाही, इंग्रजीत आहे. पण संवाद खाली लिहून येतात, ते वाचत वाचत माझं इंग्रजी सुधारलं. डोकं गरगरायला लागलं, तर 'एफ' दाबून आपलं पात्र पाठीमागून दिसेल असं करावं, बरं वाटतं.

मात्र यात रक्तपात आहे. अमेरिकेत तो सतरा वर्षांपुढच्यांसाठी आणि युरोपात अठरांपुढच्यांसाठी ठरवलेला आहे. शाळकरी मुलांच्या हातात देऊ नका. आणि घड्याळ समोर ठेवा. त्या जगातला अख्खा दिवस आपल्या ७२ मिनिटांत संपतो, त्यामुळे "एवढा एक दिवस संपवते" म्हणता म्हणता आपली रात्र संपते. मी दोन तासांचा गजर लावायचे. तो सासूबाईंची कूस बदलायलाही उपयोगी पडायचा.

पार्थाचा निवाडा

आता शेवटचं. स्कायरिममध्ये एक प्रचंड उंच डोंगर आहे. त्याच्यावरच्या मठात जायच्या वाटेला सात हजार पायऱ्या आहेत म्हणतात. "वणीच्या गडापेक्षा जास्त!" सासूबाई म्हणाल्या. मठाच्याही वर, अगदी शिखरावर, एक म्हातारा ड्रॅगन एकटा राहतो. पंख फाटलेले, रंग उडालेला. त्याचं नाव पार्थुरनॅक्स. सासूबाईंनी ऐकलं ते 'पार्थ' एवढंच, आणि तेच नाव पडलं.

हा पार्थ एके काळी त्या काळ्या आल्डुइनचा उजवा हात होता. त्याच्या नावाचा अर्थच महत्त्वाकांक्षा, सत्ता आणि क्रौर्य असा होतो. त्याने माणसांवर फार अत्याचार केले. पण पुढे त्याचं मन बदललं. ड्रॅगनांविरुद्ध लढता यावं म्हणून त्याने ती शब्दांची विद्या माणसांना दिली आणि तेव्हापासून तो त्या शिखरावर ध्यान करत बसला, स्वतःच्या स्वभावाला रोज आवर घालत. आपल्यालाही तो मदत करतो, शिकवतो.

आणि मग आपल्याच बाजूचे लोक सांगतात, त्याला मार. त्याने पूर्वी जे केलं त्याची शिक्षा झालीच पाहिजे. मारलं नाहीस तर आम्ही तुला मदत करणार नाही. गेम इथे आपल्याला काहीही सांगत नाही. बरोबर उत्तर नाही. तुम्ही ठरवा.

मी सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं. २०२३च्या डिसेंबरातली रात्र होती, बाहेर थंडी होती. त्या बराच वेळ पडद्यावरच्या त्या फाटक्या पंखांकडे बघत राहिल्या.

"त्यानं केलं ते केलं," त्या म्हणाल्या. "वाईटच केलं. पण नंतर इतकी वर्षं वर एकटा बसून राहिला ना?" मग थोडं थांबून म्हणाल्या, "मारू नको गं त्याला, सुमन."

त्यांनी मला त्या नावाने हाक मारली ती तेवढी एकदाच. मी म्हटलं, "नाही मारत, आई." आणि पांघरूण सारखं केलं.

२०२४च्या फेब्रुवारीत सासूबाई गेल्या. पाठीला शेवटपर्यंत एकही जखम झाली नव्हती.

मी अजून खेळते. आता गजर लावावा लागत नाही. आल्डुइन केव्हाच संपला. बाकीची बरीच कामंही झाली. त्या कामांच्या यादीत 'पार्थुरनॅक्सला मारा' हे एक काम मात्र तसंच पडून आहे. केल्याशिवाय ते यादीतून जात नाही. मुलगा सुट्टीत आला होता, त्याने बघितलं आणि म्हणाला, "आई, हे राहिलंय तुझं."

"राहू दे," मी म्हटलं.